क्रियापदाची हद्द

गोव्यातील पेडणे महालाला दोन नद्यांची हद्द आहे. उत्तरेस तेरेखोल आणि दक्षिणेस शापोरा. तुये हे गाव यांपैकी शापोऱ्याच्या बाजूचे. नदी ओलांडून दक्षिणेस गेले की बारदेश लागतो आणि तेथील कोकणी ही पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकातच घेतलेल्या जुन्या काबिजादीतली कोकणी होय. तेरेखोलच्या उत्तरेस सावंतवाडीचा मुलूख, आणि तेथे कुडाळी, जिला आज सर्रास मालवणी म्हणतात, ती चालते. मधला हा महाल १७८८ साली वाडीच्या तिसऱ्या खेम सावंताने पोर्तुगिजांच्या स्वाधीन केला, तोपर्यंत तो बहुतांशी वाडीच्याच अंमलात होता. परिणाम असा झाला, की पेडणेकराने तोंड उघडताच बारदेशकराला तो वाडीकडचा वाटतो आणि वाडीकराला गोव्याचा.

असे का वाटते, हे विचारले तर लोक दोनचार शब्द काढून दाखवितात. परंतु शब्द ही भाषेची जंगम मालमत्ता आहे. ती बाजारात येते, जाते, उसनी मिळते, विसरली जाते. गोमंतकीयाने पोर्तुगिजांकडून ‘जनेल’ घेतले, ‘मेज’ घेतले, ‘कदेल’ घेतले. मराठ्याने फारसीतून ‘सनद’, ‘फिर्याद’, ‘हुकूम’ घेतले. पण फिर्याद ‘केली’ आणि हुकूम ‘दिला’, यांतला ‘केली’ आणि ‘दिला’ कोणी बाहेरून आणला नाही. क्रियापद ही स्थावर मालमत्ता आहे. कोण बोलतो, कोणाशी बोलतो, घटना घडून गेली की घडायची आहे, ती घडेल याची खात्री आहे की केवळ शक्यता आहे, हे सर्व भाषा ज्या प्रत्ययांच्या हवाली करते ते सहजासहजी हलत नाहीत, आणि म्हणून एखाद्या अल्पपरिचित बोलीचे कुळ आणि स्वभाव जाणावयाचा असेल तर तिच्या क्रियापदाकडे जावे, असे माझे निश्चित मत आहे.

प्रथम घरचीच उदाहरणे घेऊ. प्रमाण मराठीत पुरुष ‘मी करतो’ म्हणतो आणि स्त्री ‘मी करते’ म्हणते. वर्तमानकाळाचे क्रियापद बोलणाराचे लिंग सांगितल्यावाचून पुढे सरकत नाही. गोव्याच्या कोकणीत पुरुषही ‘हांव करतां’ म्हणतो आणि स्त्रीही ‘हांव करतां’च म्हणते. मालवणीत दोघेही ‘मी करतंय’ म्हणतात. लिंगाची चौकशी दोन्ही बोलींनी वर्तमानकाळापुरती माफ केली आहे. पुरुषाची मात्र, म्हणजे प्रथम, द्वितीय, तृतीय या व्याकरणातल्या पुरुषाची, केलेली नाही. कोकणीत ‘हांव करतां’ आणि ‘तो करता’ यांतला सारा भेद शेवटच्या एका अनुस्वारावर उभा आहे. नाकातून स्वर काढला तर कर्ता मी, न काढला तर कर्ता तो. परक्या कानाला हा भेद पहिल्या दिवशी ऐकूही येत नाही. मालवणीने तेच काम अनुनासिकाच्या जोडीला एक ‘य’ देऊन केले आहे, आणि तो ‘य’ तिने भूतकाळातही सोडलेला नाही: ‘मी गेलंय’, पण ‘तो गेलो’. प्रमाण मराठी ऐकण्याची सवय असलेल्याला ‘गेलंय’ हे ‘गेले आहे’ याचे संक्षिप्त रूप वाटते आणि तो फसतो. मालवणीत तो साधा भूतकाळ आहे.

भूतकाळात मात्र लिंग परत येते, आणि कोकणीत ते एका विलक्षण स्वरूपात येते. पुरुष ‘हांव आयलों’ म्हणतो, प्रौढ वा विवाहित स्त्री ‘हांव आयल्यें’ म्हणते, आणि मुलगी, किंवा अविवाहित तरुणी, ‘हांव आयलें’ असे नपुंसकलिंगी रूप स्वतःविषयी वापरते. तिच्याविषयी इतरही ‘तें आयलें’ असेच बोलतात. मराठीत ‘पोर आलं’, ‘लेकरू झोपलं’ अशी रूपे आहेत, परंतु ती तिऱ्हाइताने केलेली असतात. मुलीने स्वतःविषयी ‘मी आलं’ असे म्हणण्याची सोय प्रमाण मराठीत नाही. तुये असो की शिवोली, अंगणात उभी राहून आजी जेव्हा ‘आयलें मगो चेडूं?’ असे विचारते, तेव्हा तिच्या त्या एका क्रियापदात आलेली व्यक्ती घरची सून नव्हे, लेक आहे, आणि ती अजून लहान आहे, एवढी माहिती नाव न घेता येऊन जाते. कुटुंबातील वय आणि नाते यांची दखल क्रियापदाच्या प्रत्ययाने घ्यावी, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पण या बोलींचे खरे वैभव भविष्यकाळात आणि नकारात आहे. ‘करीन’ हे रूप मराठीत साधा भविष्यकाळ आहे. कोकणीत ‘हांव करीन’ म्हणजे करीन कदाचित, जमल्यास करीन. वचन द्यावयाचे असेल तर ‘हांव करतलों’ असेच म्हटले पाहिजे. ‘तो करीत’ म्हणजे तो करण्याचा संभव आहे; ‘तो करतलो’ म्हणजे तो करणार, यात शंका नाही. गवंडी उद्या येण्याची हमी देत आहे की केवळ तोंडदेखले बोलत आहे, हे त्याच्या क्रियापदावरून कळते. मालवणीतही हा ‘तल’ आहे: ‘मी करतलंय’, ‘तू करतलंस’, ‘तो करतलो’, ‘ती करतली’. तेरेखोलच्या दोन्ही तीरांना जोडणारा हा प्रत्यय प्रमाण मराठीला अपरिचित आहे, आणि प्रमाण मराठीचा ‘णार’ या बोलींत त्या जागी बसत नाही.

नकाराची रचना त्याहून सूक्ष्म आहे. मराठीत होकाराला ‘नाही’ जोडले की नकार बहुतेक तयार होतो: केले, केले नाही, करणार, करणार नाही. कोकणीत तसे चालत नाही. ‘करतां’ याचा नकार ‘करिना’, अनेकवचनी ‘करिनात’. नकार क्रियापदाच्या पोटात गेला आहे आणि तेथे तो वचनानुसार चालविला जातो. भविष्याचा नकार तर होकाराच्या धातुरूपाला हातच लावीत नाही. ‘तो करतलो’ याच्या उलट ‘तो करचो ना’, स्त्रीलिंगी ‘ती करची ना’. मालवणीत हेच ‘तो करूचो नाय’, ‘मी जावचंय नाय’. होय म्हणण्याची एक कोष्टकमाला आणि नाही म्हणण्याची दुसरी, अशी ही दुहेरी व्यवस्था आहे, आणि होकाराची कोष्टके जमविणाराला नकाराची मिळतील असे मुळीच नाही. ती वेगळी विचारावी लागतात.

आता प्रमाण मराठीतलेच एक रूप पाहू, कारण त्यातून थेट हिमालयाकडे वाट जाते. ‘तू ग्रंथ वाचलास’, ‘तू पोथी वाचलीस’, ‘तू पुस्तक वाचलेस’. या क्रियापदात ‘ला, ली, ले’ हा भाग कर्मापुढे मान झुकवितो. ग्रंथ पुल्लिंगी, पोथी स्त्रीलिंगी, त्याप्रमाणे तो बदलतो. परंतु शेवटचा ‘स’ कर्त्याचा आहे. वाचणारा ‘तू’ आहेस, हे तो सांगतो. ‘तुम्ही पोथी वाचलीत’ म्हटले की ‘स’च्या जागी ‘त’ येतो. एकाच क्रियापदावर कर्ता आणि कर्म या दोघांचीही नोंद होते. शाळेत आपण कर्तरी, कर्मणी, भावे असे तीन प्रयोग शिकतो, आणि या रूपाला कर्तृ-कर्मसंकर असे लांब नाव देऊन पुढे जातो. रोज तोंडात असल्यामुळे त्याचे नवल वाटत नाही.

चिनी-तिबेटी भाषाकुलात ज्यांची नोंद फार थोडी झालेली आहे अशा कित्येक भाषांत हाच संकर नियम म्हणून चालतो. या कुलाचे नाव घेतले की आपल्या मनात चिनी भाषा येते, आणि चिनीत क्रियापदाला पुरुष, वचन, लिंग यांपैकी काहीच लागत नाही. म्हणून सारे कुलच तसे असावे असा समज होतो. पूर्व नेपाळ आणि सिक्कीम येथील लिंबू भाषा त्या समजाला पुरता धक्का देते. तिच्यात ‘मी तुला’ एवढा कर्ता-कर्माचा संबंध ‘ने’ या एका प्रत्ययात मावतो. एकवचन आणि अनेकवचन यांच्यामध्ये द्विवचन आहे, जे संस्कृत शिकलेल्याला ओळखीचे वाटेल. शिवाय मराठीत आपण ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा जो भेद करतो, म्हणजे ऐकणाराला वगळून आम्ही आणि त्याला धरून आपण, तो लिंबूने सर्वनामापुरता न ठेवता क्रियापदावरही नोंदविला आहे. नकार करताना क्रियापदाच्या आधी ‘मे’ आणि शेवटी ‘न’ असे दोन्ही अंगांनी कुंपण पडते. जॉर्ज व्हान ड्रीम यांचे लिंबू व्याकरण १९८७ साली प्रसिद्ध झाले. त्यातील क्रियापदांची कोष्टके पाहिली म्हणजे ज्या भाषेला शेजारीपाजारी डोंगरी बोली म्हणून बाजूस सारतात तिच्या अंतर्यामी केवढी शिस्त असते याचा प्रत्यय येतो.

चीनच्या सिचुआन प्रांतातील पर्वतांत बोलली जाणारी जाफुग ही भाषा याच्याही पुढे जाते. तिचे भाषक दहा हजारांच्या आत आहेत आणि तिचे व्याकरण गियोम जाक या फ्रेंच पंडिताने २०२१ साली हजाराहून अधिक पृष्ठांत प्रसिद्ध केले. तिच्यात व्यक्तींची एक श्रेणी ठरलेली आहे. प्रथम बोलणारा आणि ऐकणारा, मग बाकीचे. वरच्या श्रेणीतल्याने खालच्यावर क्रिया केली, म्हणजे मी त्याला पाहिले, तर क्रियापद साधे राहते. त्याने मला पाहिले तर क्रिया उलट्या दिशेने वाहिली, आणि त्याची खूण म्हणून क्रियापदाला एक वेगळा उपसर्ग लागतो. एवढ्याने भागत नाही. वर, खाली, नदीच्या उगमाकडे, नदीच्या मुखाकडे, पूर्वेस, पश्चिमेस, असे दिशांचे उपसर्गही क्रियापदांना लागतात. डोंगरदरीत राहणाऱ्या माणसाला चढ, उतार आणि प्रवाह यांखेरीज पाऊल टाकता येत नाही, हे खरे. पण तिथल्या व्याकरणाने त्या दिशांकडून काळ दाखविण्याचेही काम करून घेतले, ही मोठी प्रतिभा आहे.

या कथेचा एक धागा आपल्या मुलखातून जातो. १८५७ आणि १८५८ या वर्षांत, म्हणजे सारा उत्तर हिंदुस्थान पेटलेला असताना, बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात ब्रायन हॉजसन हा नेपाळ दरबारचा माजी रेसिडेंट वायू आणि बाहिंग या दोन हिमालयीन भाषांच्या क्रियापदांची तपशीलवार कोष्टके छापीत होता. तो तेव्हा दार्जिलिंगला राहत असे. क्रियापदाला सर्वनामांचे अवशेष चिकटलेले पाहून अशा भाषांना त्याने ‘सर्वनामयुक्त’ असे नाव दिले. पुढे ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणात या भाषांचे काम स्टेन कोनो या नॉर्वेच्या विद्वानाकडे आले. तिबेटी-ब्रह्मी कुलाच्या भाषेला एवढे चालविलेले क्रियापद मूळचे असणे त्याला संभवनीय वाटले नाही, आणि ते मुंडा भाषांच्या संसर्गाने आले असावे, असा निर्णय त्याने दिला. तो पुढे कित्येक दशके प्रमाण मानला गेला. १९७५ साली क्सेनिया केपिंग या रशियन विदुषीने तंगुत भाषेच्या क्रियापदात पुरुषदर्शक प्रत्यय दाखवून दिले. तंगुतांचे राज्य मंगोलांनी १२२७ साली बुडविले आणि पुढे त्यांची भाषाही नामशेष झाली. मुंडांच्या मुलखापासून फार दूर, चीनच्या वायव्य भागात ती होती. तेथेही हे प्रत्यय सापडल्यावर, जाफुगसारख्या भाषांतही ते आढळल्यावर, संसर्गाचा तर्क टिकला नाही. हे प्रत्यय कुलाचे प्राचीन धन आहेत की काही शाखांनी मागाहून मिळविलेले, याबद्दल पंडितांत अद्यापि वाद आहे. परंतु वाद करण्याजोगी सामग्री हाताशी आहे ती कोणीतरी धीराने कोष्टके भरली म्हणून.

आणि हाच स्टेन कोनो सर्वेक्षणाच्या सातव्या खंडाचाही कर्ता होता. १९०५ साली निघालेला तो खंड मराठीचा आहे आणि त्यात कोकणी व कुडाळी यांचे नमुने आहेत. ज्या लेखणीने हिमालयातील क्रियापदांचा निवाडा केला तिनेच तेरेखोलच्या उत्तरेकडील बोलीचीही नोंद केली. सर्वेक्षण ब्रिटिश सरकारचे होते आणि पेडणे पोर्तुगीज अंमलाखाली होते; त्यामुळे सरकारी हुकमाने नमुने गोळा करण्याची ती यंत्रणा तेरेखोलपाशी थांबत असे. शिवाय त्या सर्वेक्षणाचा एक ठरलेला नमुना होता. बायबलातील उधळ्या पुत्राची गोष्ट प्रत्येक बोलीत उतरवून घ्यायची. तुलनेच्या दृष्टीने ती युक्ती उत्तम होती. परंतु त्या गोष्टीत बाप बोलतो, दोन मुलगे बोलतात, चाकर बोलतो. स्त्री एकही बोलत नाही. तेव्हा ‘हांव आयल्यें’ आणि ‘हांव आयलें’ हा भेद, ज्यावर कोकणीच्या क्रियापदाचा एक सुंदर पैलू उभा आहे, त्या नमुन्यातून बाहेर येण्यास वावच नव्हता.

गोव्याला व्याकरणाची परंपरा नाही असे मात्र नाही. उलट हिंदुस्थानातील भाषेचे छापलेले पहिले व्याकरण म्हणून ज्याचा सामान्यतः उल्लेख होतो ते येथेच झाले. ‘ख्रिस्तपुराण’कर्ता फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला, साष्टीत त्याने आयुष्य वेचले, १६१९ साली तो वारला, आणि त्याचे कोकणी व्याकरण दियोगु रिबैरू याच्या पुरवणीसह १६४० साली राशोल येथे छापले गेले. पुढे १६८४ साली कोकणी तीन वर्षांत टाकून पोर्तुगीज धरावी असा जो हुकूम निघाला, त्याने या अभ्यासाचा कणाच मोडला; कुन्य रिव्हारा यांनी १८५७ साली स्टीफन्सच्या व्याकरणाची दुसरी आवृत्ती काढली तोवर पावणेदोन शतके लोटली होती. पेडण्याला त्या हुकमाची झळ लागली नाही, कारण तेव्हा तो महाल पोर्तुगिजांचा नव्हताच; आणि त्याच कारणाने स्टीफन्सच्या परंपरेचा लाभही झाला नाही. विसाव्या शतकात डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले आणि १९६५ साली कुडाळीवर व १९६८ साली काणकोणच्या कोकणीवर स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केले. कुडाळ आणि काणकोण यांच्या मध्ये पेडणे, डिचोली, बारदेश पडतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजाने अलीकडे ध्वनिमुद्रण करून बोलींचे मोठे काम केले, ते महाराष्ट्राच्या जिल्ह्यांचे आहे.

कोकणी स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, या वादावर गोव्यात जेवढी शाई खर्ची पडली तिचा शतांश जरी गावोगावची क्रियापदे टिपण्यात खर्च झाला असता, तर वाद करणाऱ्या दोन्ही पक्षांच्या पदरात आज काही पडले असते, असे मला तळमळीने वाटते. १९८७ साली राजभाषेचा कायदा झाला, १९९२ साली कोकणी घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. शाळेत तिचे एक प्रमाण रूप शिकविले जाऊ लागले, आणि पेडण्यासारख्या महालात मराठी शाळांचीही मोठी परंपरा आहे. तुयेच्या मुलाला त्यामुळे दोन प्रमाण रूपे भेटतात, आणि दोन्ही त्याच्या घरच्या रूपाहून निराळी असतात. वर्गात त्याने घरचे क्रियापद उच्चारले की ते खोडले जाते. शिक्षकाचा हेतू चांगलाच असतो. परंतु ते रूप अशुद्ध नसून दुसऱ्या एका पूर्ण कोष्टकातले एक घर आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

क्रियापदाच्या कामाचा आणखी एक प्रकार येथे नोंदविला पाहिजे. हिवाळ्यात स्वेटर विकायला आपल्या शहरांत जे तिबेटी स्त्रीपुरुष येतात, त्यांच्या भाषेत एखादी वस्तू ‘आहे’ एवढे सांगायलासुद्धा ती गोष्ट स्वतःची म्हणून ठाऊक आहे, की डोळ्यांनी पाहिली आहे, की सर्वसाधारण माहिती म्हणून सांगितली जात आहे, हे ठरवून निरनिराळी क्रियापदे घ्यावी लागतात. कोकणीत ऐकीव गोष्टीसाठी वाक्याच्या शेवटी ‘खंय’ येतो: ‘तो आयला खंय’. मराठीचा ‘म्हणे’ त्याच कामाचा. आपल्याकडे हे वेगळे शब्द आहेत आणि ते गाळले तरी वाक्य उभे राहते. तिबेटीत ती निवड टाळता येत नाही. साक्षीपुराव्याची एवढी जबाबदारी रोजच्या बोलण्यावर टाकणारी भाषा गोंदिया जिल्ह्यातील नॉर्गेलिंग वसाहतीत आपल्या शेजारी नांदते आहे.

पेडण्याची कोष्टके भरण्यास फार मोठी सामग्री लागणार नाही. ध्वनिमुद्रणाचे साधन आज प्रत्येकाच्या खिशात असते. पन्नासएक नेहमीचे धातू घ्यावे: येणे, जाणे, खाणे, देणे, पडणे, सांगणे. प्रत्येकाचे वर्तमान, भूत, खात्रीचे भविष्य, संभवाचे भविष्य, आज्ञा आणि निषेध विचारावा, आणि नकाराची रूपे स्वतंत्रपणे विचारावी. पुरुषाला एकदा, सासुरवाशिणीला एकदा, कुमारिकेला एकदा असे तिघांना ‘मी आलो’ म्हणावयास लावावे. मात्र ‘हे तुमच्या भाषेत कसे म्हणाल’ असे थेट विचारू नये, कारण तसे विचारले की माणूस सावध होतो आणि शाळेतले उत्तर देतो. त्याला काल शेतात काय झाले ते सांगू द्यावे, उद्या कोण येणार आणि कोण येणार नाही ते सांगू द्यावे, आणि रूपे त्यातून वेचावी. शापोऱ्याच्या काठी ‘आयलो’ आणि तेरेखोलच्या पलीकडे ‘इलो’, इतके ठाऊक आहे. ‘करतां’ कुठवर चालते आणि ‘करतंय’ कुठून सुरू होते, ‘करचो ना’ कोणत्या वाड्यावर ‘करूचो नाय’ होते, आणि एकाच घरात दोन्ही नांदत असतील तर कोण कोणाशी काय बोलते, हे गावागणिक लिहून तुये, पार्से, मांद्रे, हरमल यांवरून ती रेघ नकाशावर ओढणे, हे पहिले काम.